फॅन थिअऱ्या खऱ्या ठरतात का? शेरलॉकचं उदाहरण घ्या

तुम्ही विचारलंय की डिटेक्टिव्ह सिरीजमध्ये पुढे काय होणार याचे फॅन लोकांचे अंदाज कधी बरोबर येतात का नुसता टाइमपास. येतात हो, आणि कधी कधी इतके बरोबर येतात की लेखकाचीच पंचाईत होते. बीबीसीच्या शेरलॉकचं सांगतो, बघितली नसेल तर पुढे वाचू नका.

१५ जानेवारी २०१२ ला दुसऱ्या सीझनचा शेवट लागला, शेरलॉक लंडनच्या बार्ट्स हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारतो आणि शेवटी कबरीपाशी जिवंत दिसतो, आणि पुढचा एपिसोड थेट १ जानेवारी २०१४ ला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं लोकांना दुसरा उद्योगच नाही. पॉज करकरून बघितलं लोकांनी आणि तो कसा वाचला याचे अंदाज बांधले. शेरलॉक लॅबमध्ये एक बॉल उडवत बसलेला असतो, तर तो काखेत दाबला की मनगटाची नाडी लागत नाही. वॉटसनला तो फोनवर सांगतो मागे जा, तिथेच उभा राहा, कारण मधल्या बुटक्या बिल्डिंगमुळे त्याला खालचं दिसत नाही. सायकलवाला वॉटसनला मुद्दाम धडकतो. हॉस्पिटलमधली शेरलॉकची मैत्रीण मॉली सामील आहे. आता गंमत बघा, हे सगळं तिसऱ्या सीझनमध्ये जसंच्या तसं आलं! फक्त कचऱ्याच्या ट्रकवर पडला असेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं, तिथे हवेची मोठी गादी निघाली. आणि लेखक पण बेरकी, त्यांनी सिरीजमध्येच थिअरीवाल्यांचा एक ग्रुप दाखवला, शेरलॉक स्वतः त्यातल्या अँडरसनला खुलासा सांगतो तर तो म्हणतो, मी असं केलं नसतं.

पण २०१७ ला चौथा सीझन संपला तेव्हा मात्र डोकं फिरल्यासारखं झालं. शेवटचा एपिसोड काही फॅन्सना इतका भंगार वाटला की हा मुद्दाम वाईट बनवलाय, खरा चौथा एपिसोड लपवलाय अशी थिअरी निघाली, का तर सिरीजचे लेखक मोफॅट आणि गॅटिस इंटरव्ह्यूत नेहमी खोटंच बोलतात. पुढच्या रविवारी त्याच वेळेला ॲपल ट्री यार्ड नावाची नवी सिरीज होती तर म्हणे ते नावच बनावट आहे. लागली ती ॲपल ट्री यार्डच.

माझं मत विचाराल तर फरक इथेच आहे. बॉल पडद्यावर होता, गुप्त एपिसोड कुठेच नव्हता. जे दाखवलंय त्यावरून अंदाज बांधा, बाहेर कोण काय बोलतं ते सोडा. आपल्या सीआयडीतच बघा ना, एप्रिल २०२५ ला एसीपी प्रद्युम्न गेले म्हणून चॅनलने श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, कमेंटमध्ये रडारड, आणि थोड्याच दिवसांत शिवाजी साटम परत हजर.