मोकळ्या माळरानावर विजांच्या वादळाने गाठलं तर काय करावं?

गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, मग डोक्यावर ऊन का असेना. ढगापासून १५ किलोमीटरवरही ती पडू शकते. पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या टपाच्या गाडीत शिरा, काचा बंद करा. (टायरचं रबर वाचवतं हा गैरसमज, वीज गाडीच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते.) एकटं झाड, उघडी शेड नकोच. आडवंही पडू नका, जमिनीतून पसरणारा प्रवाह अंगातून जातो. मोठ्या गारा असतील तर गाडीपेक्षा इमारत बरी, खिडक्यांपासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर (छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार) सुरू करा.