संकरित गाईचा ताप उतरत नाही, गोचीडतापच आहे हे कसं कळेल?
१०५ च्या वर ताप, अंगावर गोचिड्या आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली, म्हणजे संशय गोचीडताप आणणाऱ्या थायलेरिया जंतूचाच. पण तेवढ्यावर इंजेक्शन देऊ नका. त्यावरचं बुपार्वाक्वोन महाग पडतं, आणि बबेसिया हा गोचिड्यांतूनच येणारा दुसरा जंतू निघाला तर औषधच वेगळं. (लघवी कॉफीसारखी होत असेल तर आधी तोच तपासा.)

कानाच्या शिरेतल्या रक्ताची काचपट्टी करून जिम्सा रंग दिला की तांबड्या पेशींत जंतू दिसतात. सुरुवातीला मात्र रक्तात काही सापडत नाही. तेव्हा सुजलेल्या गाठीत सुई घालून नमुना काढतात, पांढऱ्या पेशींत निळसर ठिपक्यांचे पुंजके दिसले की निदान पक्कं. पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, याहून बारीक, पण बरी झालेली गायही त्यात पॉझिटिव्ह येते, कारण जंतू अंगात राहून जातो.

या तपासण्यांसाठी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. रक्त औषधाआधीच, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्या आणि थंड डब्यात न्या, बर्फाला न चिकटवता. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीतून नेलं तर वाटेतच नासतं.

पापण्यांची आतली बाजू पांढरी पडली असेल तर रिपोर्टसाठी थांबू नका, डॉक्टरांना आजच बोलवा.