ड्रायव्हर काढायचा पॅच पाठवायच्या आधी

अरे, तुझा मेल वाचला. लिनक्स कर्नलमधून आयव्हीटीव्ही, म्हणजे जुन्या टीव्ही-कॅप्चर कार्डांचा ड्रायव्हर, काढून टाकायचा पॅच (कोडमधला बदल) तयार आहे, पाठवू का म्हणून विचारलंयस. रविवारपर्यंत थांब जरा.

जुना आहे म्हणून काढा, हे मला पटत नाही. 2007 ला कर्नलच्या 2.6.22 आवृत्तीत तो आला, त्याआधी बाहेरूनच बिल्ड करून चालवावा लागायचा. कर्नलच्या आतले एपीआय (ड्रायव्हर ज्यांतून कर्नलशी बोलतो ती फंक्शनं) बदलत राहतात, बाहेरचा कोड बघता बघता गार पडतो. म्हणजे काढणं सोपं, पण काढल्यावर तो कुणीतरी "बाहेरून सांभाळेल" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे.

बरं, वापरतं कोण? आपल्या इंदूरच्या रामबागेत एक लग्नाचं शूटिंग करणारे आहेत, त्यांच्या जुन्या मशीनमध्ये पीव्हीआर-150 हे याच ड्रायव्हरवर चालणारं कॅप्चर कार्ड बसलंय, लोक आईबाबांच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट आणून देतात, व्हीसीआरची वायर कार्डात, टर्मिनलवर कॅट कमांड मारून व्हिडिओ-झिरो (कार्डाची डिव्हाइस फाईल) साध्या फाईलीत ओतला की एमपेग-2 व्हिडिओ तयार, कारण एन्कोडिंग कार्डावरची कोनेक्झंटची चिप करते, सीपीयूला पत्ताही नाही. मी पण आधी म्हणालो, बघ, वापर आहे! मग त्यांच्या मशीनवर युनेम (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) मारून बघितलं तर कर्नल इतका जुना की तू आज ड्रायव्हर उडवलास तरी त्यांना कधीच कळणार नाही. तर भिया, वापरणारा असणं वेगळं आणि नव्या कर्नलवर वापरणारा असणं वेगळं, तुला दुसरा शोधायचाय.

गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, बघून फसू नकोस. त्यात दरवर्षी कमिट (नोंदवलेले बदल) दिसतील, पण बहुतेक कुणीतरी सगळ्या ड्रायव्हरांत एकदम केलेला बदल, फक्त कंपाईल करून बघितलेला. टेस्टेड-बाय, म्हणजे बदल कुणी चालवून तपासला त्याची ओळ, शोध, खऱ्या कार्डावर शेवटचं कुणी कधी चालवलं ते बघ. आणि हे पण बघ की तो कुणाची वाट अडवतोय का. व्हिडिओच्या बफरांसाठीची जुनी व्हिडिओबफ लायब्ररी काढायची होती तेव्हा तिच्यावर बसलेले ड्रायव्हर खरंच अडथळा होते. आयव्हीटीव्हीचं बफरचं काम स्वतःचंच आहे, तो तसा कुणाच्या पायात नव्हता, हे तुझ्या पॅचमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

त्या वेळचं पण आठव. सोनी वायोच्या कॅमेऱ्याचा मेये ड्रायव्हर गेला, कुणी हूं की चूं केलं नाही. सा-7146 या व्हिडिओ-कार्डांच्या ड्रायव्हरला मात्र स्टेजिंगच्या डेप्रिकेटेडमध्ये (लवकरच काढायच्या कोडच्या फोल्डरमध्ये) टाकल्यावर कार्डवाले पुढे आले, तो व्हिडिओबफच्या जागी आलेल्या नव्या व्हीबी2 वर नेऊन परत जागेवर बसवला. झोरान हा आणखी एक जुना कॅप्चर-कार्डांचा ड्रायव्हर तर पूर्ण काढला होता, 2020 ला परत आला, कारण एकाने कार्ड हातात घेऊन काम केलं. म्हणून मला आधी डेप्रिकेटेडची पाटी लावून एक-दोन रिलीज थांबणं आवडतं, सरळ डिलीट नाही.

माझ्या माळ्यावर एक पीव्हीआर-150 पडलंय, पीसीआय स्लॉटचा बोर्ड जेलरोडला डॉलर मार्केटमध्ये कुणाकडे तरी मिळेलच. रविवारी सकाळी राजेंद्रनगरला ये, पोहे-जलेबी इथेच खाऊ, ताजा कर्नल पेनड्राईव्हवर घेऊन ये आणि एखादी कॅसेट पण, माझ्याकडच्या सगळ्यांना बुरशी लागलीये.

तुझा काका