हवाईत राहणाऱ्याने लुआऊला जावं का, की ते फक्त टुरिस्टांसाठीच असतं?

जावं. लुआऊ म्हणजे इथली नाचगाण्यासह होणारी हवाईयन मेजवानी. मी ओआहू बेटावर राहते, मुलगी इथेच जन्मली आणि वाढली, आणि "लोकल माणूस पैसे देऊन लुआऊला जात नाही" हे मी इथल्या आपल्याच मराठी मंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घरगुती लुआऊही पाहिलेला नसतो, कारण तिथे कोणीतरी बोलवावं लागतं आणि वर्षानुवर्षं शेजाऱ्यांशी धड बोलायचं नाही तर कोण बोलावणार.

माझी मुलगी लहानपणापासून हालाऊत, म्हणजे हुलाच्या शाळेत, हुला हा इथला पारंपरिक नाच शिकतेय आणि आता कॉलेज सांभाळून वीकेंडला को ओलिना या रिसॉर्टच्या भागातल्या एका लुआऊत नाचते. पुण्याहून धाकटे दीर आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम तिथे घेऊन गेलो. शुक्रवार संध्याकाळ, त्यामुळे एच-वन हायवेवर नेहमीचं ट्रॅफिक होतंच, पण इमू उघडायच्या वेळेला पोचलो. इमू म्हणजे जमिनीतली भट्टी. खड्ड्यात कियावेची लाकडं पेटवून लाव्हाचे दगड तापवायचे, त्यावर केळीचे ठेचलेले खांब पसरायचे म्हणजे त्यातल्या पाण्याची वाफ होते, मग मीठ चोळलेलं अख्खं डुक्कर, त्याच्या पोटातही तापलेले दगड, वर टीची आणि केळीची पानं (टी हे इथलं झाड, चहाशी संबंध नाही), ओली गोणपाटं आणि शेवटी माती. हे असं रात्रभर. रायगडकडे शेतात लावलेली पोपटी ज्यांनी खाल्लीय त्यांना तो पाल्याचा आणि धुराचा वास सांगायला नको. मांस काढायला सुरी लागत नाही, हाताने सुटं होतं.

तर जेवायला बसलो आणि दीर म्हणाले, "वहिनी, हे सगळं टुरिस्टांसाठी नाटक आहे हो. आणि एवढं शिकवून पोरीला ह्यांच्यापुढे नाचायला लावलंत?" टेबलावर पोई होती, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाची लापशी. पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही अशी इथली रीत आहे, कारण पोई कालोची करतात, म्हणजे आपल्या अळूच्या कंदाची, आणि हवाईयन लोक कालोला थोरला भाऊ मानतात, त्याच्यादेखत वाद काढत नाहीत. मी गप्प बसले. ते आज लिहितेय.

आदल्या रात्री मुलगी आमच्या लानाईत (व्हरांड्यात) बसून टीच्या पानांच्या लेई, म्हणजे माळा, करत होती. पानं झाडाची परवानगी मागून तोडायची, मधला जाड दांडा नखाने सोडवायचा, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मऊ पाडायची, पुसायची, मग एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून दोन पदर घ्यायचे, प्रत्येक पदराला एका बाजूला पीळ आणि एकमेकांवर टाकताना उलट्या बाजूला, नाहीतर सगळं सुटून येतं. बोटं हिरवी झाली होती तिची. कुठला पाऊस, कुठली दरी, कुठला वारा हे ओळीओळीत असलेलं मेले (हुलाचं गाणं) तिला अर्थासकट पाठ आहे, कारण अर्थ कळल्याशिवाय तिची कुमू (गुरू) स्टेजवर पाऊल ठेवू देत नाही. समोर टुरिस्ट बसला म्हणून हे खोटं होतं का?

आणि हुला कोणी आंदण दिलेला नाहीये. 1830 मध्ये काआहुमानू राणीने मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली जाहीर हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआने 1883 मध्ये आपल्या राज्याभिषेकाला इओलानी राजवाड्यात तो सगळ्यांदेखत करवला (हा राजा 1881 साली जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता, पुढच्या वेळी दिरांना सांगेन). त्याच काआहुमानूने आधी 1819 मध्ये तरुण राजा लिहोलिहोला बायकांबरोबर एका पंगतीत जेवायला बसवलं होतं. तोपर्यंत बायकांना पुरुषांबरोबर जेवायची मनाई, डुकराचं मांस, नारळ, बरीचशी केळी वर्ज्य. आजच्या लुआऊचं मूळ त्या जेवणात सांगतात. आणि तशाच पंगतीत बसून दिरांनी मला विचारायचं की मुलगी लोकांपुढे का नाचते!

दिरांना सगळ्यात अस्सल वाटला तो शेवटचा आगीच्या सुऱ्यांचा नाच. तो हवाईचा नाहीच, सामोआचा आहे. ह्या शोमध्ये ताहिती, सामोआ, आओतेआरोआ (न्यूझीलंड) सगळं एकत्र करतात आणि कुठलं काय ते नीट सांगत नाहीत, हे मलाही खटकतं. बुफेतलं सगळं मांस त्या एका डुकराचं नसतं हेही खरं, शेकडो माणसांना एक डुक्कर कसं पुरणार. आणि दीडशे डॉलरच्या पुढचं तिकीट महाग आहे, नाही म्हणत नाही. पण इथलं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर कामाआइना रेट, म्हणजे स्थानिकांसाठीचा सवलतीचा दर, असतो, वेबसाइटवर बऱ्याचदा दिसत नाही, फोन करून विचारा.

शाकाहारी असाल तर आधी कळवा. लाऊलाऊ अळूच्या पानात गुंडाळलेलं दिसलं तरी आत बहुतेक डुकराचं मांस असतं, लुआऊ याच नावाच्या अळूच्या पानांच्या भाजीत स्क्विड किंवा चिकन. पोई, जांभळं रताळं आणि नारळाची हाउपिआ (बर्फीसारखी मिठाई) यावर पोट भरतं, माझ्या सासूबाईंचं भरलं होतं.

आणि ओळखीत कोणाच्या बाळाचा पहिला वाढदिवस असेल तर तो आधी गाठा. बेबी लुआऊ इथे लग्नासारखा करतात, कोणाच्या तरी गराजमध्ये नाहीतर बीच पार्कवर मांडव टाकून, आणि तिथले काका-मावश्या तुम्हाला तिकिटाच्या लुआऊपेक्षा जास्त खायला घालतील. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि जमलं तर आदल्या दिवशीच जाऊन इमूचा खड्डा खणायला आणि दगड उचलायला मदत करा, तिथे माणसं कायम कमी पडतात.