उदारमतवाद वाचायला घेताय? मग आधी एवढंच करा

उदारमतवाद, म्हणजे व्यक्तीच्या स्वातंत्र्याला महत्त्व देणारी विचारसरणी. छान विषय निवडलात. फक्त घाई करू नका. सुरुवातीला बहुतेक जण एका शब्दावरच अडखळतात. तो शब्द ‘लिबरल’, म्हणजे उदारमतवादी. अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे साधारण डावीकडे झुकलेला. युरोपात मुक्त बाजारपेठेचा पुरस्कर्ताही लिबरलच. म्हणून आधी देश आणि काळ बघा.

१. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) हे पुस्तक घ्या. लहान आहे. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसावर सक्ती का करू नये, हा एकच प्रश्न नीट पचवा.

२. तुलना करताना प्रत्येक विचारसरणीला विचारा, तुला सर्वात जास्त भीती कशाची? उदारमतवादाला अनिर्बंध सत्तेची, समाजवादाला मालमत्तेतून येणाऱ्या विषमतेची, परंपरावादाला समाजाची घडी विस्कटण्याची. डाव्या-उजव्यांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी पडतं. मला स्वतःला इथूनच वाट सापडली.

३. उदारमतवाद म्हणजेच लोकशाही, असं समजू नका. बहुमतही गळा दाबू शकतं. मिलला तीच धास्ती होती.

आणि आगरकर वाचाच. १८८८ साली ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढून त्यांनी आपल्याच समाजाशी वाद मांडला. मिलचा ठसा त्यांच्यावर स्पष्ट दिसतो, आणि तोही आपल्या मराठीत! रॉल्स, हायेक हे विसाव्या शतकातले विचारवंत सध्या बाजूला राहू द्या. मिल वाचून झाला की सांगा, पुढचं तेव्हा बोलू.