पोकेमॉन रेड-ब्लू या गेमच्या सफारी झोनमध्ये टॉरोस, चॅन्सी हे पोकेमॉन पकडताना दगड मारावा की खाऊ टाकावा?

खरं सांगू, दोन्ही नको, सरळ बॉल फेकत सुटा. तिथे लढाई नसते त्यामुळे एचपी (पोकेमॉनचा जीव) कमी करून पकडायचा नेहमीचा जुगाड चालत नाही, आणि ५०० रुपड्यांत (गेममधल्या हो) ३० बॉल आणि ५०० पावलं एवढंच मिळतं.

दगड मारला की कॅच रेट (जितका जास्त तितकं पकडणं सोपं) डबल होतो पण पोकेमॉन चिडतो आणि पळायचा चान्सही डबल, खाऊ टाकला तर पळायचा चान्स पाव होतो पण कॅच रेट निम्मा, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. टॉरोसचा कॅच रेट ४५, चॅन्सीचा तर ३०च, त्यात पळणं स्पीडवर ठरतं आणि टॉरोस हा प्राणी मुळातच सुसाट, एक दगड मारलात की पुढच्याच टर्नला गायब. मी लहानपणी अख्खी दुपार यात घालवलीय, दगड मारून मारून.

आणि हो, पहिल्या खेपेला पकडापकडीच्या नादात सर्फ (पाण्यावरून जायची चाल) आणि सफारी झोनच्या वॉर्डनची सोन्याची कवळी राहून जाते, ती आधी उचला.