जुन्या मोटारसायकलींचा रंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, साठच्या दशकातली मरून जावा २५० आहे. चेसिसला पावडर कोटिंग करून टाका, पुन्हा बघायला नको, असं सगळे सांगतात. टाकीच्या दोन्ही बाजूंचं क्रोमही गेलंय. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : या गाडीला पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड भट्टीत वितळवून बसवलेला थर) करू नका. पावडर वाईट असते असं नाही, अडचण रंगछटेची आहे. जावाची चेसिस, पुढचा फोर्क, मडगार्ड, टूलबॉक्स, टाकी सगळं एकाच मरूनमध्ये असतं. पावडर कारखान्याच्या ठराविक छटांमध्येच येते, पेंटच्या दुकानात थेंब थेंब टाकून छटा जुळवतात तसं तिथे करता येत नाही. चेसिस एका मरूनची आणि टाकी दुसऱ्या मरूनची झाली, की गाडी उन्हात उभी केल्याबरोबर डोळ्यांत खुपतं. म्हणून सगळी गाडी टू-के पीयूमध्ये (हार्डनर मिसळून पक्का होणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग), एकाच वेळी बनवलेल्या रंगातून मारून घ्या.

छटेचा नमुना उन्हाने उडालेल्या मडगार्डवरून घेऊ नका. टाकीच्या रबरी पॅडखाली किंवा टाकीच्या पोटाशी मूळ रंग शाबूत सापडतो. तो कंपाउंडने (घासून चमक आणणाऱ्या पेस्टने) हलका घासून मगच दुकानात दाखवा. दुकानदाराला पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून दाखवायला सांगा आणि उन्हात ताडून बघा. डब्यातला ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाहीत.

दुसरा निर्णय क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा. पेंटर सवयीने बेसकोट (छटेचा थर) आणि त्यावर क्लिअर सुचवेल. जावा किंवा काळी बुलेट अशा साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगाला आम्ही क्लिअर नसलेला, थेट चमक देणारा टू-के रंग सुचवतो. त्या काळी रंग भट्टीत भाजून पक्का करत. त्याची चमक गाढ असली तरी काचेसारखी नसे. क्लिअरचे तीन हात मारलेली जावा नव्या चारचाकीसारखी दिसते. शिवाय क्लिअर नसला की बारीक ओरखडा कंपाउंडने निघतो. मेटॅलिक रंगाला मात्र क्लिअर हवाच.

आता टाकी. इथे कामाचा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात. आधी टाकी आतून धुऊन पेट्रोलची वाफ पूर्ण काढा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक असते, तिला ज्योत लावायचं काम अनुभवी माणसाकडेच द्या. मग गळती तपासा : तोंडं बंद करून फक्त २ ते ३ पीएसआय हवा आणि बाहेरून साबणाचं पाणी. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब दिला तर टाकी फुगते. नंतर पोचे ठोकून काढा. क्रोम येणाऱ्या भागात पुट्टी चालत नाही, पत्राच सरळ व्हायला हवा. त्यानंतर तांबं, निकेल, क्रोम अशी पूर्ण प्लेटिंग, आणि शेवटी रंग. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही. रंगाचा भाग टेपने आखून ३२० च्या पेपरने चमक जाईपर्यंत घासा, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग. रंग आणि क्रोम मिळतात ती कडच पुढे सोलायला लागते, म्हणून टेपच्या रेषेपर्यंत नीट घासलं आहे का ते बोट फिरवून तपासा.

काळ्या बुलेटच्या वाचकांसाठी : तुमची चेसिस, स्टँड, फूटरेस्ट पावडर करायला हरकत नाही, दगडांचा मार ती चांगली सोसते. पण थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो, म्हणून स्टिअरिंगच्या वाट्यांची जागा, स्विंग आर्मचे बुश, सगळे आटे आणि अर्थिंगची जागा झाकायला सांगा. इंजिन जिथे बोल्टने आवळतं ते तोंडही झाकायला हवं. तिथे पावडर राहिली तर ती दाबाने बसत जाते आणि महिन्याभरात बोल्ट ढिला होतो. भट्टीत तापमान १८० ते २०० अंश असतं. साधी पुट्टी त्यात फुगते, आणि टाकीला कधी कथिलाचा डाग दिला असेल तर कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या आसपासच वितळू लागतो. टाकी भट्टीत घालूच नका. एक गोष्ट बहुतेकजण विसरतात : चेसिस नंबरवर जाड पावडर बसली की आकडे भरून जातात आणि आरटीओत नंबरची पेन्सिल प्रिंट निघत नाही. नंबरवर टेप लावा, नंतर तिथे रंगाचा एकच पातळ हात द्या.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात बुलेटची टाकी रंगवली. पाऊस संपेपर्यंत झाकणाभोवती आणि खालच्या जोडाशी फोड आले. पेंटर म्हणतो पेट्रोल सांडलं, दुसरा म्हणतो प्रायमर हलका होता. खरं कारण कसं कळणार?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फोड फोडून बघा. वरून अंदाज बांधू नका.

सुईने टोचल्यावर पाणी आलं आणि खाली तांबूस गंज दिसला, तर दोष तयारीत आहे, आणि बहुतेक वेळा तो ओल्या घासाईत असतो. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. पुष्कळ कारागीर वॉटर पेपर पाण्यात बुडवून पुट्टी घासतात, वरून कोरडी दिसली की लगेच प्रायमर मारतात. ते पाणी आत अडकतं, पत्रा गंजतो आणि पहिल्याच पावसाळ्यात रंग उचलला जातो. किनारपट्टीवर पत्र्यावर बसलेलं मीठ यात भर घालतं. पुट्टी नेहमी कोरडी घासायची, ८०, १८०, ३२० अशा पेपरने. पाणी वापरायचं ते वरच्या प्रायमरवर. उघडा पत्रा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, सॉल्व्हंटने पुसून त्यावर आधी इपॉक्सी प्रायमर द्या आणि पुट्टी त्यावर लावा. जाडी २ ते ३ मिलिमीटरच्या वर नको, आणि हार्डनर वजनाने सुमारे २ टक्के. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घातला तर तो वरच्या रंगात डाग होऊन उतरतो.

फोडातून पेट्रोलचा वास आला, तर जोडाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. त्यावर कितीही चांगला रंग मारला तरी टिकणार नाही. आधी गळती बंद करा.

झाकणाभोवती रंग मऊ पडून सुरकुतला असेल, तर रंग एनसी (नायट्रोसेल्युलोजचा, नुसता थिनर उडून वाळणारा) आहे किंवा टू-केमध्ये हार्डनर कमी पडला आहे. कापसावर थिनर घेऊन टाकीच्या खालच्या बाजूला अर्धा मिनिट धरा. कापसाला रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर तो एनसी किंवा नीट न पिकलेला. टू-के पिकलेला असेल तर कापूस जवळजवळ स्वच्छ राहतो. टाकीला एनसी रंग वापरूच नये, तो पेट्रोल सोसत नाही. त्यावर थेट टू-के मारणंही चूक : खालचा थर उचलला जाऊन सगळीकडे सुरकुत्या येतात. पूर्ण रंग काढा. टाकी आणि मडगार्डचा पत्रा पातळ असतो, तिथे जोराचं ब्लास्टिंग करू नका, पत्रा लाटांसारखा होतो आणि मग पुट्टीवर पुट्टी चढते. पेंट रिमूव्हर वापरा आणि कडांमध्ये त्याचा अंशही ठेवू नका. नवा रंग झाल्यावर किमान आठवडाभर टाकीत पेट्रोल भरू नका.

दमट दिवसांत रंगकाम शक्यतो टाळाच. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढा. हार्डनरचा डबा अर्धवट उघडा राहिला तर तो हवेतलं पाणी ओढतो. आतला द्रव गढूळ दिसला की टाकून द्या.

प्रश्न : टाकीवरच्या सोनेरी रेघा क्लिअरच्या खाली घ्याव्यात की वर?
– एक वाचिका, नागपूर

उत्तर : मद्रासच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवर या रेघा हाताने मारत. नीट बघितलं तर रेघेची जाडी वळणावर किंचित बदलते, ब्रश जिथे उचलला तिथे टोक निमुळतं होतं. ती खूण हवी असेल तर रेघ रंगाच्या वर, खारीच्या केसांच्या लांब ब्रशने, एनॅमलमध्ये. स्टिकरच्या रेघेत हा जीव नसतो, आणि हाताने रेघ ओढणारा कारागीर तुमच्या शहरात असेल तर चार दिवस थांबून त्याच्याकडूनच करून घ्या. रंगाला आधी दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या, म्हणजे चुकलेली रेघ टर्पेंटाइनने लगेच पुसता येते.

रेघेवर क्लिअर मारायचाच असेल, तर साध्या एनॅमलवर टू-के क्लिअर बसला की रेघ आकसते किंवा पसरते. अशा वेळी रेघेचा रंगही हार्डनरवाला घ्या. पहिला क्लिअर अगदी हलका, जवळजवळ कोरडा मारा, १०-१५ मिनिटांनी पुढचा ओला.

प्रश्न : बुलेटच्या ओतीव लोखंडी सिलिंडरला पीयू काळा मारला, आता तो पिवळट होऊन पोपडे निघतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पीयू तिथे टिकणारच नाही. सिलिकॉनचा हीट-रेझिस्टंट काळा घ्या. खाली साधा प्रायमर नको, पुट्टी नको. सिलिंडरच्या पंख्यांच्या (थंडाव्यासाठी असलेल्या पात्यांच्या) मधला गंज पूर्ण काढून, सॉल्व्हंटने पुसून दोन पातळ हात द्या. जाड थर उष्णता बाहेर टाकण्यात अडथळा करतो आणि सोलतोही लवकर. हा रंग तापल्यावरच पक्का होतो : आधी पाच मिनिटं इंजिन चालवून पूर्ण थंड होऊ द्या, मग दहा मिनिटं, मग छोटी फेरी. क्रँककेस आणि कव्हर अ‍ॅल्युमिनियमची आहेत, त्यांना चंदेरी रंग मारू नका. ती साफ करून पॉलिशच करायची असतात.

प्रश्न : गच्चीवर स्वतः टू-के मारता येईल का? किती माल लागेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : साध्या मास्कवर अजिबात नाही. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा त्याची अ‍ॅलर्जी झाली की थोड्याशा संपर्कानेही दमा उठतो, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि अंग झाकणारे कपडे हवेत. शेजाऱ्यांच्या खिडक्यांचाही विचार करा. हे जमत नसेल तर घासाई आणि मास्किंग घरी करा, फवारणी बूथवाल्याकडे द्या. खर्चाचा मोठा भाग तयारीचाच असतो.

टाकी, दोन मडगार्ड आणि दोन टूलबॉक्सना अर्धा लिटर बेसकोट आणि पाऊण लिटर तयार क्लिअर साधारण पुरतो. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या, ते कंपनीनुसार २:१ किंवा ४:१ असं बदलतं. मेटॅलिक असेल तर सगळे भाग गाडीवर असतात त्याच स्थितीत टांगून, एकाच वेळी, एकाच मिश्रणातून मारा. आडवी ठेवून मारलेली टाकी आणि उभं टांगलेलं मडगार्ड एकाच डब्यातून रंगवले तरी वेगळे दिसतात, कारण चमकीचे कण वेगवेगळे पडतात. उरलेल्या बेसकोटचे पन्नास-शंभर मिलिलिटर काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटलीत बंद करून ठेवा आणि तिच्यावर छटेचा कोड व तारीख लिहा, पुढे ओरखडा दुरुस्त करायला तोच रंग लागेल.